शिंपी म्हणाला, "खांद्याला शिलाई हवी की नको?" (छीपाओ, चाँगसाम, हान्फू वगैरे)

सांजवात

शांघाय सोडायला तीन आठवडे उरले तेव्हा कुठे मी छीपाओ शिवायला टाकला. त्याआधी साडेपाच वर्षं नुसतं "बघू पुढच्या महिन्यात". छांगल रोडवर छीपाओची दुकानं ओळीनं आहेत, त्यातलं सगळ्यात कमी दिव्यांचं दुकान गाठलं. शिंपीकाका सत्तरीच्या घरातले. मानेचा घेर, मानेची उंची, खांद्यापासून छाती, छातीपासून कंबर, पुढून वेगळं, मागून वेगळं. आपल्याकडे ब्लाउजला घेतात त्याच्या दुप्पट मापं घेऊन झाली आणि मग त्यांनी विचारलं, "खांद्याला शिलाई हवी की नको?"

माझं चिनी भाजीबाजारापुरतं. वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. खांद्याला शिलाई नसेल तर पुढचा भाग मागच्याला जोडणार कुठे? माझा चेहरा बघून काकांनी दोन छीपाओ काढून टेबलावर पसरले. एक पापडासारखा सपाट पडला. दुसरा काही केल्या सपाट होईना, छातीशी फुगा राहायचाच. पहिल्यावर हात ठेवून म्हणाले, "आजी." दुसऱ्यावर ठेवून, "आई."

या दोन शब्दांचा अर्थ लागायला मला नंतर बरंच वाचावं लागलं, म्हणून हा धागा.

चिनी बाईचा पोशाख म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: उभी कॉलर, तिरकं उघडणारं, अंगाला चपखल, बाजूला मांडीपर्यंत कट. हजारो वर्षांची परंपरा असणार, असंही आपण मनात धरून चालतो. प्रत्यक्षात हा पोशाख साधारण १९२० च्या दशकातला, शहरात जन्मलेला. नाव मात्र जुनं वाटावं असं. 'छी' म्हणजे निशाण, 'पाओ' म्हणजे झगा. ईशान्येकडून आलेल्या मांचू लोकांचं सैन्य आणि समाज आठ निशाणांत वाटलेला होता. १६४४ मध्ये त्यांनी बीजिंग घेतलं आणि १९१२ पर्यंत छिंग घराण्याचं राज्य चाललं. निशाणवाल्यांचा झगा तो छीपाओ.

पण गंमत बघा. मांचूंनी १६४५ मध्ये हान, म्हणजे बहुसंख्य चिनी, पुरुषांना कपाळ भादरून मागे वेणी ठेवायची सक्ती केली, नाही ऐकलं तर मुंडकं. बायकांच्या कपड्यांना मात्र फारसा हात लावला नाही. त्यामुळे अडीचशे वर्षं दोन तऱ्हा शेजारी शेजारी नांदल्या. मांचू बाई गळ्यापासून पायापर्यंत एकसंध झग्यात, पाय मोकळे, त्याखाली मधोमध उंच लाकडी ठोकळा असलेले जोडे. हान बाई वर जाकीट, खाली घागरा, आणि पाय बांधलेले. म्हणजे बहुसंख्य चिनी बायकांच्या पणज्यांनी एकसंध झगा कधी अंगाला लावलाच नव्हता.

मग राजेशाही गेली. १९१० च्या दशकात शाळा-कॉलेजच्या मुली घंटेसारख्या बाह्यांचा आखूड सदरा आणि काळा घागरा घालायच्या. दागिने नाहीत, भरतकाम नाही. आणि विशीच्या दशकात याच मुली एकदम लांब झग्यात दिसायला लागल्या. तो आला कुठून यावर अजून भांडणं आहेत. एक पक्ष म्हणतो, मांचू बायकांचा झगा. दुसरा म्हणतो, पुरुषांचा चांगशान, म्हणजे लांब डगला. मी दुसऱ्या पक्षात. आयलीन चांग या शांघायच्या लेखिकेनं १९४३ मध्येच लिहून ठेवलंय की बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं वागायचं होतं, म्हणून त्यांनी पुरुषांचा झगा चढवला. तेव्हाचे फोटो पाहिले तर पटतं. छाती नाही, कंबर नाही, सरळ पोतं. हीच काकांची 'आजी'.

१९२९ मध्ये राष्ट्रवादी सरकारनं तर पोशाखाचा कायदाच काढला. बायकांचा औपचारिक झगा कसा? उजवीकडे बंद होणारा, निळा, गुडघा आणि घोटा यांच्या मधोमध येणारा, सहा गुंड्यांचा. एखाद्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिकेनं लिहिल्यासारखं.

त्या पोत्याला कंबर दिली ती १९३० च्या दशकातल्या शांघायनं. सिगारेट, साबण, पावडरीच्या कंपन्या जाहिरातीची कॅलेंडरं वाटायच्या आणि त्यावर नटूनथटून बसलेली छीपाओवाली. आपल्याकडे रविवर्म्याची लक्ष्मी जशी कॅलेंडरातून घरोघर गेली, तशी ही तिकडे गेली. उंची दर दोन-तीन वर्षांनी वरखाली: १९२० च्या दशकाच्या शेवटी गुडघ्याजवळ, १९३४-३५ च्या सुमारास पार जमिनीला, जपानशी युद्ध सुरू झाल्यावर कापडाच्या टंचाईत पुन्हा वर. पण सगळ्याच काही रेशमात नव्हत्या. शिक्षिका आणि कॉलेजच्या मुलींचा छीपाओ म्हणजे साधा सुती निळा. इंडान्थ्रीन नावाचा जर्मन रंग होता, धुऊन न जाणारा. त्याची जाहिरातही कॅलेंडरवरच. मला त्या निळ्या छीपाओवाल्या जास्त आवडतात.

लेख लांबला. 'आई'बद्दल कुणाला शिवणातलं कळत असेल तर सांगा, माझी मजल इथपर्यंतच.

तिरकस

वाचतोय. पण सगळ्यांच्या मनातला प्रश्न तुम्ही सोयीस्कर टाळलात. मांडीपर्यंतचा कट कुणी आणला? :)

सांजवात

तिरकस, अपेक्षित प्रश्न, अपेक्षित माणूस. झगा चपखल झाला आणि उंची घोट्याखाली गेली की बाईनं चालायचं कसं? पाऊल टाकायला बाजूला कट हवाच. म्हणून उंची उतरली तसा कट चढला. आत लेसच्या काठाचा परकर आणि पायात रेशमी मोजे असायचे. तरीही १९३४ मध्ये राष्ट्रवादी सरकारचे प्रमुख च्यांग काय-शेक यांनी लोकांना शिस्त लावायला 'नवजीवन' चळवळ काढली, तेव्हा ठिकठिकाणचे अधिकारी बायकांच्या झग्यांची लांबी आणि कट मोजायला निघालेच. आणि त्याच च्यांग यांच्या पत्नी सुंग मेइ-लिंग १८ फेब्रुवारी १९४३ ला अमेरिकी संसदेत भाषणाला उभ्या राहिल्या त्या छीपाओ घालून.

उरेब

खांद्याच्या शिलाईसाठी लॉगिन केलं. तीस वर्षं शिवणक्लास घेतेय, तेव्हा थोडं मास्तरकी करते.

बाळाचं झबलं आठवा. कापडाची चौघडी घालायची, मधोमध गळा कापायचा, बाजूला बाह्या सोडायच्या, काखेतून खाली दोन शिलाया. खांदा म्हणजे नुसती घडी. अंग आणि बाही एकाच कापडाची, मुंढा नाहीच. तुमच्या शिंपीकाकांची 'आजी' म्हणजे हेच झबलं, मोठ्या बाईचं. म्हणून टेबलावर पापडासारखी पडली.

फरक इतकाच की पुढचा पदर गळ्यापासून काखेकडे तिरका उघडतो. आपल्या बाराबंदीचा पदर छातीवरून बाजूला जातो तसा, फक्त बंदांऐवजी कापडी गुंड्या आणि फासे. आणि खरी मेख तिथे आहे. अखंड कापडाला तिरकी चीर दिली की वरचा पदर खालच्यावर चढायला कापडच उरत नाही. मग आतला छोटा पदर वेगळ्या तुकड्याचा जोडायचा. कसलेले कारागीर कापड ओढूनताणून, सरकवून त्या एकाच कापडात निभावतात म्हणे. मी प्रयत्न केला असता तर रडले असते.

टक्स नसताना कंबर कशी आणायची? बाजूच्या शिलाईतून थोडी, बाकी इस्त्रीनं. कापड ओलसर करून कमरेच्या कडेला इस्त्रीनं ताणायचं, पोटापाशी आटवायचं. कापणीनं जे होत नाही ते वाफेनं करायचं.

आता 'आई'. छातीचे टक्स, वेगळी कापून लावलेली बाही, उतरत्या खांद्याची शिलाई, बाजूला चेन. हे सगळं पाश्चात्त्य शिवणातलं. साधारण चाळीस-पन्नासच्या दशकांत छीपाओत शिरलं आणि झगा सपाट राहिला नाही. तुम्ही ज्याला चिनी चित्र म्हणता, ते छातीला घट्ट, कमरेला बारीक, ते या टक्सचं आहे.

अवांतर: आमच्याकडे कुर्तीला बायका "चायनीज कॉलर लावा" म्हणतात. त्या कॉलरच्या आत कडक कापड घालायचं आणि ते आडवं-उभं न कापता उरेब कापायचं, नाहीतर मान वळवली की टोचते.

सांजवात

उरेबताई, झबलं! इतके दिवस मी त्याला शब्द शोधत होते.

कोकणकन्या

छान माहिती. वाचनखूण साठवली. मी हाँगकाँगला आहे. इथे छीपाओ कुणी म्हणत नाही, चाँगसाम. कँटोनीजमध्ये सरळ 'लांब डगला' असा अर्थ, म्हणजे पुरुषांच्या डगल्याचंच नाव. सांजवात यांच्या पक्षाला एक मत माझ्याकडून.

१९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले, त्याच्या आगेमागे शांघायचे कितीतरी शिंपी इथे आले आणि 'आई' खरी वाढली ती इथे. पन्नास-साठच्या दशकांत ऑफिसला जाणारी, बाजारात जाणारी, गृहिणी, सगळ्या चाँगसाममध्ये. नंतर तयार कपडे स्वस्त झाले आणि रोजचा वापर गेला. मुलींच्या काही जुन्या शाळांचा गणवेश मात्र अजून चाँगसाम आहे, साधा, सैलसर. सकाळी मेट्रोत या मुली पाठीला दप्तर लावून धावत असतात. चाँगसाममध्ये धावता येतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. शिवण्याच्या इथल्या कारागिरीला २०२१ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

पंतांचा_नातू

लेख चांगला आहे, पण मुळात गफलत आहे. छीपाओ चिनी नाहीच. जिंकणाऱ्या मांचूंचं नाव वागवणारा कपडा चिनी परंपरा म्हणून खपवला जातोय. खरा पोशाख हान्फू, म्हणजे हान लोकांचे मांचूंच्या आधीचे कपडे. थांग काळातला छातीवर बांधलेला घागरा, सुंग काळातला पुढून उघडा पायघोळ बेइझ, मांचूंच्या लगेच आधीच्या मिंग काळातला निऱ्यांचा मामिएन घागरा. कन्फ्युशियसनंच म्हटलंय, क्वान चुंग हा जुना मंत्री नसता तर आपण आज केस मोकळे सोडून डावीकडे बंद होणारे कपडे घालत असतो. म्हणजे रानटी झालो असतो. पदर उजवीकडे की डावीकडे, हा त्यांच्याकडे संस्कृतीचा प्रश्न होता.

सांजवात

पंत, कन्फ्युशियसचं बरोबर. पण मांचू झगासुद्धा उजवीकडेच बंद होतो हो. तेव्हा तो बाण इथे लागत नाही.

उभ्या कॉलरचंही तसंच. मांचूंचा जुना झगा बिनकॉलरचा, गोल गळ्याचा होता. उलट मिंग काळाच्या उत्तरार्धातल्या हान बायकांच्या जाकिटांना उभी कॉलर आणि धातूच्या गुंड्या सापडतात. म्हणजे ज्याला आपण छीपाओची खूण समजतो त्यातली कॉलर तुमच्या पक्षाची निघाली, घ्या.

आणि थांग काळ 'शुद्ध' म्हणायचा असेल तर जपून. आठव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या बड्या घरच्या बायका 'हू', म्हणजे मध्य आशियातल्या परक्यांचे, कपडे घालून घोड्यावर फिरत होत्या. अरुंद बाह्या, दुमडलेली कॉलर. पुरुषी कपडेही बिनधास्त घालायच्या. थडग्यांतल्या भिंतींवर आणि मातीच्या बाहुल्यांत दिसतात.

पंतांचा_नातू

मान्य, कॉलरचं माहीत नव्हतं. पण हान्फूवाल्यांची बाजूही समजून घ्या. २२ नोव्हेंबर २००३ ला वांग लथ्येन नावाचा एक माणूस हान्फू घालून चंगचौ शहराच्या रस्त्यावरून चालला. लोक त्याला जपानी समजले. आपल्याच देशात आपल्याच आजोबांचे कपडे घालावेत आणि लोकांनी परका ठरवावं, ते झोंबतं. आज तीच चळवळ लाखो तरुण मुलींपर्यंत पोचलीय. शानतुंग प्रांतातल्या त्साव तालुक्यात आधी नाटकांचे कपडे शिवायचे, ते कारखाने आता हान्फू शिवतात.

आणि कारागिरीचं म्हणाल तर हान काळातलं मावांगत्वेइचं थडगं विसरू नका. १९७२ मध्ये छांगशा शहराजवळ ते उघडलं, दाई सरदाराच्या पत्नीचं, इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं. त्यात सापडलेला रेशमी जाळीचा झगा साधारण सव्वा मीटर लांब आणि वजन ४९ ग्रॅम. गड्याहो, ४९ ग्रॅम! आमच्या हिच्या ओढणीचं वजन जास्त भरेल. त्याची नक्कल करायला नानचिंगच्या विणकाम संस्थेला १३ वर्षं लागली. पहिल्या नकला ८० ग्रॅमच्या वर जायच्या, कारण आताचे रेशमाचे किडे जास्त पोसलेले आणि त्यांचा धागा जाड.

तिरकस

किडेसुद्धा सुटले म्हणायचे.

रेवाकाठ

मामिएनचं नाव आलंच आहे तर: म्हणजे 'घोड्याचं तोंड'. पुढे आणि मागे सपाट पट्टा, दोन्ही बाजूंना निऱ्या. २०२२ च्या जुलैत पॅरिसला शाँझेलिझे रस्त्यावर दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या दुकानासमोर चिनी विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली होती, ती या घागऱ्यावरूनच. दिओरनं तसाच घागरा आणला होता आणि आपलाच ठेवणीतला आकार म्हणून विकत होते. म्हणजे चिनी लोक आता छीपाओवर फारसे चिडत नाहीत, मामिएनवर चिडतात. २०१८ मध्ये एका अमेरिकन मुलीनं शाळेच्या नाचाला छीपाओ घातला म्हणून गदारोळ झाला, तो बराचसा अमेरिकेतल्याच लोकांचा. चीनमधले बरेच जण म्हणत होते, घालू द्या की, छान दिसतोय.

अभ्यासू_आळशी

शाकुंतलाचा पहिला अंक संपताना दुष्यंत म्हणतो, शरीर पुढे चाललंय आणि मन मागे धावतंय, वाऱ्याविरुद्ध नेलेल्या ध्वजाच्या चीनांशुकासारखं. चीनांशुक म्हणजे चिनी रेशीम. तिथेही झेंडा आणि इथेही निशाणवाल्यांचा झगा. संबंध काही नाही, पण मला उगाच आनंद झाला.

मोरपंखी

आमच्या दादरच्या चाळीसमोर पारशी कॉलनी. तिथल्या एका आजींनी आईला त्यांचा गारा, म्हणजे भरतकामाची पारशी साडी, हातात धरून दाखवला होता, तेव्हा मी दहा वर्षांची असेन. जांभळ्या रेशमावर बगळे, पूल, पॅगोडा आणि छत्री धरलेली इवलीशी माणसं. त्या नक्षीला त्या 'चीना-चीनी' म्हणायच्या. सुटे गोल ठिपके असले की 'कांदा-पापेटा'. मला ते नाव ऐकून तेव्हाही हसू आलं होतं. एकोणिसाव्या शतकात पारशी व्यापारी चीनमधल्या कँटन बंदराला जायचे, कापूस आणि अफू घेऊन. जमशेटजी जिजीभाईही जाऊन आलेले. येताना भरतकाम केलेलं रेशीम आणायचे. पुढे तिथले कारागीर खास साडीच्या मापाचं, चारी बाजूंनी भरलेलं कापड करून देऊ लागले. म्हणजे चिनी बायकांच्या जाकिटांवर जे टाके पडायचे, तेच टाके मुंबईत पारशी बायकांच्या खांद्यावर आले. पोशाख नाही आला, टाके आले.

त्या आजी गारा कधी घडी करून ठेवायच्या नाहीत. गुंडाळून, मलमलमध्ये. घडीवर रेशीम तुटतं म्हणून.

तिरकस

एक प्रश्न, या वेळी खरा. एवढा लाडका झगा होता तर चीनमधून गेला कसा?

सांजवात

तिरकस, १९४९ नंतर कुणी बंदी घातली नव्हती, पण तो पैसेवाल्यांचा, आळशी बायकांचा कपडा ठरत गेला. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती आली आणि जुनं ते सगळं गुन्हा झालं. कपाटातले छीपाओ लोकांनी स्वतःच कापून गोधड्या-पायपुसणी केली. शिंपीकाका या विषयावर बोललेच नाहीत, सुई ओवत राहिले.

एक प्रसंग मात्र जगानं पाहिला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ल्यू शाव-छी यांच्या पत्नी वांग क्वांग-मेइ १९६३ च्या इंडोनेशिया दौऱ्यात छीपाओ घालून गेल्या होत्या. एप्रिल १९६७ मध्ये लाल रक्षकांनी, म्हणजे माओच्या तरुण अनुयायांनी, त्यांना छिंगह्वा विद्यापीठात हजारोंसमोर उभं केलं. जबरदस्तीनं अंगावर छीपाओ चढवला आणि गळ्यात पिंगपाँगच्या चेंडूंची माळ, मोत्यांच्या माळेची नक्कल म्हणून. त्यांचा तो फोटो मी एकदाच पाहिला. झगा अंगात बसत नव्हता, थंडीच्या कपड्यांवरूनच ओढलेला होता.

कोकणकन्या

याच्या उलट टोक: आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरहून १९३८ मध्ये गेले. त्यांच्या पत्नी कुओ छिंगलान कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेत परिचारिका. तिकडे बायका-पुरुष सगळ्यांचा गणवेश जवळजवळ सारखाच, जाड सुती. एकीकडे शांघायची कॅलेंडरं, दुसरीकडे हे. दोन्ही एकाच देशात, एकाच दशकात.

उरेब

चार दिवसांनी येतेय. तुमच्या धाग्यामुळे घरात भांडण झालं. भाचीला छीपाओ हवाय, तिला म्हटलं 'आजी'च शिवणार. आधी मांजरपाटावर करून पाहिला. कापडाचा पन्हा अपुरा पडला, म्हणून पाठीमागे मधोमध जोड द्यावा लागला. आतला छोटा पदर तुकडा लावूनच केला, ओढाताणीच्या भानगडीत पडले नाही. गुंड्यांसाठी उरेब पट्टी अगदी बोटभर रुंद कापली, तरी पहिल्या दोन गुंड्या बोरासारख्या झाल्या.

एक अडतंय. हात आडवा धरला की सुरेख दिसतो. हात खाली सोडला की काखेपासून छातीपर्यंत तिरक्या चुण्या. भाची म्हणते बिघडला. सांजवात, तुमचा कसा पडतो? फोटो टाकाल?

सांजवात

ताई, बिघडलेला नाही. माझ्यालाही पडतात, तशाच तिरक्या, दोन्ही बाजूंना. मीही परत घेऊन गेले होते, "या चुण्या काढा" म्हणून. काकांनी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरकडे बोट केलं. त्यातल्या बाईच्या काखेतही रंगाऱ्यानं तीन रेघा काढल्या होत्या.

फोटो रविवारी टाकते. भाचीला म्हणावं, खांदे पाडून उभी राहू नकोस.